शेवटची बादली

गेल्या मार्गशीर्षांत, ऐन थंडीच्या एका पहाटे, आमच्या घरांतील पाणी तापविण्याचा गीझर निवर्तला. बारा वर्षें त्यानें मुकाट्यानें चाकरी केली होती आणि जातांनाहि फारसा गाजावाजा न करतां तो गेला. न्हाणीघराच्या भिंतीवरून पाण्याचा एक बारीक ओघळ खालीं आला, थोरल्या चिरंजीवांनीं वर पाहिलें, बटण बंद केलें आणि "बाबा, टाकी फुटली" एवढेंच मृत्युवृत्त आम्हांस कळविलें. घरांतील एखादी वस्तु मोडली म्हणजे ती दुरुस्त करावी किंवा नवी आणावी. ह्यापलीकडे तींत लिहिण्याजोगें काय असणार, असें वाचकांस वाटेल. आम्हांसहि तसेंच वाटलें होतें. परंतु ह्या मोडक्या यंत्राच्या निमित्तानें, अकरा वर्षें आमच्या डोळ्यांसमोर असून आम्हांस न दिसलेली आमच्याच घरांतील एक गोष्ट दिसली; म्हणून ह्या महिन्याचीं पानें तिच्याकडे लावीत आहों.

प्रथम मृताची चिकित्सा. बोलाविलेल्या कारागिरानें टाकी खालीं उतरविली, तिचें बूड उघडलें आणि आंतील वस्तु जुन्या वर्तमानपत्रावर मांडून ठेविल्या. पाणी तापविणारें जें धातूचें वळें असतें, ज्याला बाजारांत एलिमेंट म्हणतात, त्याच्यावर चुन्यासारखें पांढरें पुट बोटभर चढलें होतें. उन्हाळ्यांत आमच्या इमारतीला नगरपालिकेचें पाणी पुरत नाहीं. मग विंधन-विहिरीचें आणि टँकरचें पाणी त्यांत मिसळतात. त्यांतील क्षार तापल्यावर खालीं बसतात व वळ्याला वेढून टाकतात. दुसरी वस्तु म्हणजे एक गंजकी तार. ही काय, असें विचारतां कारागीर हंसला. मूळची ती मॅग्नेशियमची अंगठ्याएवढी जाड कांडी. टाकीचें लोखंड गंजूं नये म्हणून टाकीऐवजीं स्वतः झिजावें, एवढ्याचसाठीं ती आंत बसविलेली असते. दोन-तीन वर्षांनीं ती पाहावी, झिजली असल्यास बदलावी, कीं टाकीचें आयुष्य वाढतें. बारा वर्षांत आम्हीं ती कधीं पाहिली नव्हती. पाहावयाची तर दूरच, ती तेथें आहे हेंहि आम्हांस माहीत नव्हतें. कांडी संपली, आणि मग टाकीची पाळी आली.

नवा गीझर येईपर्यंत तीन दिवस पाणी स्वयंपाकाच्या शेगडीवर तापवावें लागलें. सकाळीं आंघोळीला आमच्या घरीं आठ माणसें: आम्ही उभयतां, दोन चिरंजीव, दोन सुना आणि शाळेंत जाणारीं दोन नातवंडें. मातोश्री शहाऐंशीच्या घरांत आहेत. ऊन चढल्यावर अकराच्या सुमारास त्या सावकाश न्हातात, म्हणून त्यांना ह्या गर्दींत धरीत नाहीं. आठ जणांचें पाणी दोन पातेल्यांतून तापवावयाचें. त्याच शेगडीवर चहा, दूध, डब्यांच्या पोळ्या, आणि सात वाजतां नातवंडांची शाळेची गाडी दारांत. पहिल्या दिवशीं धाकटे चिरंजीव पंचा खांद्यावर टाकून स्वयंपाकघराच्या दारांत तीनदां उभे राहिले आणि तीनदां "पाणी झालं का?" असें विचारून गेले, पातेलें उचलून न्यावें हें मात्र त्यांच्या मनांत एकदांहि आलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं प्रायश्चित्त म्हणून त्यांनीं बादलींत सोडावयाची विजेची कांब विकत आणली. ती मातोश्रींनीं दारांतूनच परत पाठविली. "चालू असताना बोट बुडवून पाहणारा माणूस प्रत्येक घरात एक तरी असतोच," त्या म्हणाल्या, "आणि आपल्या घरात तो कोण, ते मला ठाऊक आहे." हें बोलतांना त्यांनीं नातवाकडे पाहिलें नाहीं, आमच्याकडे पाहिलें.

ह्या तीन दिवसांत प्रत्येकानें कांहीं ना कांहीं तक्रार केली. नातीला पाणी फार कढत लागलें, चिरंजीवांना कोमट, आम्हांला उशिरा. थोरली सूनबाई तेवढी कांहीं बोलली नाहीं. तिसऱ्या दिवशीं ती पोळ्या लाटीत असतां आम्हीं सहज म्हटलें, "तुझे फार हाल होत असतील गं ह्या थंडीत." तिनें तव्यावरची पोळी उलटली आणि म्हणाली, "माझे कसले हाल, बाबा? माझं पाणी होतं तसंच आहे."

बोलण्यांत टोमणा नव्हता. तवा तापला आहे असें जितक्या सहजपणें सांगावें तितक्या सहजपणें तिनें तें सांगितलें आणि पुढची लाटी हातीं घेतली. आम्ही मात्र तेथून निघून बाहेरच्या खोलींत जाऊन बसलों. गीझर चालू होता तेव्हांहि हिला ऊन पाणी मिळत नव्हतें, हा त्याचा अर्थ होता. लग्न होऊन ती आमच्या घरीं आली त्याला अकरा वर्षें झालीं. अकरा हिवाळे!

चाळीस वर्षें हजेरी घेतलेला हात स्वस्थ बसत नाहीं. आम्हीं एक वही घेतली, सौभाग्यवतींची साक्ष काढली आणि घरांतील न्हाण्याचा क्रम मांडला. साडेसहाला दोन्ही नातवंडें, मग दोघे चिरंजीव, पांचवे आम्ही, सहावी धाकटी सूनबाई, सातव्या सौभाग्यवती, आणि डबे भरून, दुधाचें पातेलें झांकून, ओटा पुसून झाल्यावर साडेसातच्या सुमारास आठवी थोरली सूनबाई. सव्वाआठाला तीहि नोकरीवर निघते. न्हाणीघरें दोन आहेत, परंतु गीझर एकच. नळ दोन्हींकडे फिरविलेला. म्हणजे एका तासांत आठ आंघोळी, आणि गीझर पंधरा लिटरांचा. लग्नापूर्वीं चार माणसांच्या हिशेबानें घेतलेली ती टाकी घरांत माणसें वाढलीं तरी तशीच राहिली होती. पांचव्यापर्यंत पाणी कढत येत असे. पांचवे आम्ही होतों. सहाव्याचें काय होतें हें आम्हांस कळण्याचें कारणच नव्हतें.

येथें जुन्या बंबाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. बंब हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला असें म्हणतात. गीझर हा तर थेट आइसलंडांतील एका उसळत्या उन्हाळ्याच्या नांवावरून आला. आपल्या कोंकणांत राजापूरजवळ उन्हाळें आहे, ठाण्याकडे वज्रेश्वरीचीं कुंडें आहेत. आपल्या एखाद्या कुंडाचें नांव जगानें घेतलें असतें तर आज घरोघरीं भिंतीवर उन्हाळें टांगलेलें असतें. असो. १९६८ च्या सुमारास आम्ही शनिवारांतील वाड्यांत राहत होतों. तेथें न्हाणीशेजारीं तांब्याचा भला थोरला बंब असे. आजोबांनीं तो तांबट आळींतून करवून आणला होता. आठवड्यांतून एकदां चिंच आणि राख लावून घांसला म्हणजे त्यांत तोंड दिसे. मधोमध उभें नळकांडें, त्यांत जाळीवर बंबफोड लांकडें आणि नारळाच्या करवंट्या, भोंवतालीं पाणी. वरच्या तोटींतून गार पाणी ओतावें, कीं तितकेंच ऊन पाणी दुसऱ्या तोंडानें बाहेर यावें. आजोबा वाग्भटाचे मोठे भक्त. ऊन पाणी मानेखालीं घेतलें तर बळ देतें, डोक्यावरून घेतलें तर केंसांचें आणि डोळ्यांचें बळ हरण करतें, हें अष्टांगहृदयांतील मत ते आम्हां मुलांना न्हाणीच्या दारांत उभे राहून सांगत. त्यामुळें आमचीं डोकीं नेहमीं निवट पाण्यानें धुतलीं गेलीं.

बंबाचा एक नियम वाड्यांत सर्वांना ठाऊक होता: ऊन पाणी जो काढील त्यानें तितकें गार पाणी ओतावें आणि दोन ढलप्या आंत सारून यावें. हा नियम कोणी मोडला तर पुढच्याच्या हांका सबंध वाडा ऐके. आतां गंमत अशी, कीं भिंतीवरचा गीझर हा ह्याच तत्त्वावर चालतो. गार पाणी तळाशीं शिरतें तेव्हांच वरचें ऊन पाणी नळांतून बाहेर ढकललें जातें. आपण जेवढें ऊन पाणी घेतों तेवढें गार पाणी त्याच क्षणीं मागच्या माणसासाठीं आंत शिरत असतें. फरक इतकाच, कीं बंबांत तें गार पाणी आपल्या हातानें ओतावें लागे, म्हणून आपण काय करीत आहों हें दिसे. गीझरांत तें आपोआप होतें आणि दिसत नाहीं.

जुना काळ चांगला होता असें मात्र कोणीं समजूं नये. पहाटे साडेचारला उठून बंब पेटविणाऱ्या आमच्या मातोश्री. परंतु सोंवळ्याचा स्वयंपाक आंघोळीशिवाय व्हावयाचा नाहीं आणि बंब तापण्यास वेळ लागे, म्हणून त्या स्वतः गार पाण्यानें न्हाऊन चुलीपुढें बसत. परवां आम्हीं त्यांना हें विचारलें. "बंब तापेपर्यंत कोण थांबणार?" एवढेंच त्या म्हणाल्या. तेव्हां बंब पेटविणारीला ऊन पाणी मिळत नसे, कारण ती सर्वांत पहिली. आतां डबे भरणारीला मिळत नाहीं, कारण ती सर्वांत शेवटची.

बाजारांत जाण्यापूर्वीं आम्हीं वहींत गणित केलें; तें येथें देतों, कारण कोणत्याहि घराला आपापली माणसें मोजून तें करतां येईल. एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास जेवढी उष्णता लागते तिला एक माप म्हणूं. शास्त्रांत हिला किलोकॅलरी म्हणतात. विजेच्या एका युनिटांत अशीं ८६० मापें मिळतात. गीझरांतील पाणी ६० अंशांवर, थंडींतील नळाचें पाणी २० अंशांवर धरलें, तर वीस लिटरांच्या बादलींत अर्धें हें व अर्धें तें घालून ४० अंशांची सुखाची आंघोळ होते. म्हणजे एका आंघोळीला दहा लिटर ऊन पाणी, आणि तें चाळीस अंश चढविलेलें; मापें झालीं ४००. आठ जणांचीं ३२००, म्हणजे सुमारें पावणेचार युनिटें.

आतां पंधरा लिटरांच्या भरलेल्या टाकींत आरंभीं ६०० मापें असतात. दोन हजार वॅटांचें वळें तासाभरांत आणखी १७२० मापें देतें. एकूण २३२०. पांच आंघोळी पुऱ्या होतात, सहावी जेमतेम, आणि सातवीच्या व आठवीच्या वांट्याला शून्य. हें उत्तर आलें तेव्हां आम्हीं दोनदां ताडून पाहिलें. आमच्या घराचा क्रम त्या गणितांत जसाच्या तसा उतरला होता. पंचवीस लिटरांची टाकी घेतली तर बेरीज २७२०, म्हणजे सहा पुऱ्या आणि सातवी अपुरी. पस्तीस लिटरांची घेतली तर ३१२०. सात पुऱ्या, आणि आठवी बादली ३६ अंशांची. प्रत्यक्षांत गार पाणी आंतच थोडें मिसळतें, तेव्हां फळ ह्याहून कांहींसें उणेंच धरावें.

मोठी टाकी म्हणजे मोठें वीजबिल, हा जो सार्वत्रिक समज आहे तो ह्या हिशेबानें अर्धाच खरा ठरतो. आठ जणांनीं ऊन पाण्यानें न्हावयाचें तर पावणेचार युनिटें लागणारच, टाकी कितीहि असो. लहान टाकीनें जी वीज वांचते ती सातव्या आणि आठव्या माणसाला गार पाण्यानें न्हावयास लावून वांचते. मोठ्या टाकींत जास्त जातें तें केवळ नुसत्या उभ्या पाण्यांतून भिंतीबाहेर झिरपणाऱ्या उष्णतेंत, आणि गीझरावर जे तारे छापलेले असतात ते मुख्यतः ही झिरप मोजूनच दिलेले असतात. तारे जितके अधिक तितकें टाकीभोंवतीं अस्तर चांगलें. त्यांतूनहि न्हाण्याच्या अर्धा-पाऊण तास आधीं बटण लावावें आणि शेवटची आंघोळ झाल्यावर बंद करावें, म्हणजे झिरपीचा प्रश्न फारसा उरत नाहीं.

तपकीर गल्लींत आम्ही गेलों तें थोरल्या सूनबाईला बरोबर घेऊनच. तिला रजा काढावी लागली आणि त्याबद्दल ती थोडी नाखूषहि होती. दुकानदार मोठा उत्साही. प्रथम त्यानें तीन लिटरांचा, क्षणांत पाणी देणारा गीझर दाखविला. तो तीन हजार वॅटांचा. मिनिटाला ४३ मापें. एक बादली भरावयाला नऊ मिनिटांहून अधिक, आणि दोन न्हाणीघरांत एकदम नळ सोडले तर दोघांचेंहि पाणी कोमट. दोन माणसांच्या घराला, किंवा स्वयंपाकघरांतील भांडीं धुण्याला, तो उत्तम आहे. मग त्यानें, "काका, वीजच नको असेल तर गॅसचा घ्या," असें म्हणून दुसरें यंत्र पुढें केलें.

गॅसच्या गीझराविषयीं थोडें थांबून लिहिलें पाहिजे. लंडनमध्यें १८६८ सालीं बेंजामिन मॉघन नांवाच्या गृहस्थानें घरगुती गीझर प्रथम बनविला तो गॅसवरच चालणारा होता, आणि त्याला धूर बाहेर नेणारी नळी नव्हती. दीडशें वर्षांनंतरहि धोका तोच आहे. बंद खोलींत गॅस जळूं लागला आणि हवा अपुरी पडली, कीं कार्बन मोनॉक्साइड हा वायु तयार होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांत प्राणवायूची जागा तो प्राणवायूच्या दोनशें पटींहून अधिक ओढीनें धरतो, आणि न्हाणाऱ्याला गुंगी येते तेव्हां दाराची कडी काढण्याचेंहि त्राण राहत नाहीं. आमच्या ओळखीच्या एका घरीं कॉलेजांतील मुलगी अशीच न्हाणीघरांत पडली. आईनें दोन हांकांना उत्तर आलें नाहीं म्हणून शेजाऱ्यांकरवीं दार फोडविलें, म्हणून ती वांचली. तेथें खिडकी होती, परंतु थंडी लागते म्हणून तिला पुठ्ठा लावलेला होता. गॅसचा गीझर घ्यावयाचाच असेल तर तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेंत बसवावा, पाणी तेवढें नळानें आंत आणावें. आमच्या न्हाणीघराची खिडकी वीतभर, आणि बाहेरची जागा शेजाऱ्यांची. तेव्हां तो विषय आम्हीं तेथेंच मिटविला.

सूर्यावर तापणारें पाणी आम्हांस मनापासून आवडतें. स्वतःची गच्ची असेल त्या गृहस्थानें त्याचा अवश्य विचार करावा. सुमारें दोन चौरस मीटरांच्या पट्टीवर दिवसाला शंभर लिटर पाणी चांगलें तापतें. परंतु पावसाळ्यांत, ढगाळ आठवडे लागले म्हणजे, विजेची जोड लागतेच, आणि आमची गच्ची सोळा बिऱ्हाडांची. सोळा बिऱ्हाडांचें एकमत होईपर्यंत थंडी संपली असती.

दुकानदार हें सर्व आम्हांस उद्देशून सांगत होता. सूनबाई इतका वेळ गप्प होती. पस्तीस लिटरांचे दोन नमुने पुढें आले तेव्हां ती म्हणाली, "हा वर टांगल्यावर ती कांडी बाहेर काढायला खाली जागा किती लागते? आणि टाकीची हमी किती वर्षांची, एलिमेंटची किती, ते वेगवेगळं सांगा." दुकानदारानें आमच्याकडचें तोंड तिच्याकडे वळविलें. टाकीची हमी आणि बाकीच्या भागांची हमी ह्यांत पुष्कळ अंतर असतें, आणि पुठ्ठ्यावर छापलेला मोठा आंकडा बहुधा टाकीचा असतो, हें आम्हांस तिच्या ह्या प्रश्नानें कळलें. दोन्हींवर आयएसआयची खूण आणि तारे होते. तिनें आंतून कांचेचा मुलामा असलेला निवडला, कारण क्षाराच्या पाण्यांत तो अधिक टिकतो. तीन हजार वॅटांचें वळें घेतलें असतें तर लहान टाकींतहि भागलें असतें, हें आम्हीं जाणतों. परंतु आमची इमारत जुनी, भिंतींतील तारा जुन्या, आणि सकाळीं त्याच वेळीं मिक्सर आणि इस्त्री चालू. तारांवर भार टाकण्यापेक्षां टाकीवर टाकलेला बरा.

बसवितांना कारागिराच्या मागें उभें राहावें. पस्तीस लिटर पाणी म्हणजे पस्तीस किलो वजन, शिवाय यंत्राचें वेगळें. तें अर्ध्या विटेच्या पडदीवर टांगूं देऊं नये. सोळा अँपिअरचें स्वतंत्र बटण, खरें अर्थिंग, आणि गळत्या विजेला तत्काळ तोडणारा स्विच, ह्या तीन गोष्टींत काटकसर नको. टाकींतील दाब वाढल्यास पाणी सोडून देणारी जी झडप असते तिच्या तोंडाला कित्येक लोक, थेंब पडतात म्हणून, बूच मारतात. तें बूच म्हणजे टाकी फुटण्याला दिलेलें आमंत्रण होय. त्या तोंडाला नळी लावून ती मोरींत सोडावी. आणि घरांत मुलें असतील तर बादलींत आधीं गार पाणी, मग ऊन पाणी, हा क्रम कधींहि चुकूं देऊं नये, कारण साठ अंशांचें पाणी अवघ्या कांहीं सेकंदांत कातडी भाजतें.

राहिला तो आठव्या बादलींतील चार अंशांचा प्रश्न. त्यावर उपाय यंत्रांत नव्हता. एका जणानें पंधरा मिनिटें आधीं न्हाऊन घेतलें, कीं वळ्याला पाव तास अधिक मिळतो आणि चारशेंवर मापें वाढतात; म्हणजे एक सबंध आंघोळ. आम्हीं वेळापत्रक करून न्हाणीघराच्या दारावर लावलें. धाकटे चिरंजीव सव्वासहाला. तें चार दिवस पाळलें गेलें, पांचव्या दिवशीं आदल्या रात्रीं क्रिकेटचा सामना असल्यामुळें चिरंजीव उठले नाहींत, आणि सहाव्या दिवशीं तो कागद वाफेनें ओला होऊन गळून पडला. तेव्हां आम्हींच सव्वासहाला न्हाऊं लागलों. निवृत्त माणसानें सातच्या ठोक्याला, मुलांच्या आणि चाकरमान्यांच्या मध्यें, नेमकें पांचवें उभें राहण्याचें कारण काय होतें, ह्याचें उत्तर आम्हांस वहींत कोठें सांपडलें नाहीं. चिरंजीवांकडे एक काम मात्र सोंपविलें आहे: आपलें आटोपलें कीं डबे भरावयास ओट्यापाशीं उभें राहावयाचें. पहिल्या दिवशीं त्यांनीं भाजीच्या डब्यांत आमटी घातली. पुढें जमूं लागलें.

दुसऱ्या आठवड्यांत एका सकाळीं आम्ही बाहेरच्या खोलींत वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों. पावणेआठ झाले असतील. न्हाणीघराचें दार उघडलें आणि मागोमाग वाफेचा लोट बाहेर आला. थोरली सूनबाई डोक्याला पंचा गुंडाळून लगबगीनें खोलीकडे चालली होती. आम्हांला पाहून थांबली.

"आज डोक्यावरून न्हायले, बाबा," ती म्हणाली. "थंडीत सकाळी कधी जमतच नव्हतं. रविवारी दुपारचं उरकायचे."

वाग्भट अगदीं ओठांवर आला होता. तो तसाच गिळून आम्हीं वर्तमानपत्राचें पान उलटलें.